खडावांखालचे धणे

“पण मंत्र कुठला होता, आक्का? तेवढा सांगा, लगेच जातो मी.”

नागनाथबुवांनी हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

येसाक्का मोरीजवळ उकिडवी बसून वांग्याच्या रोपाला माती लावत होती. तिनं मान वर केली नाही.

“कसला मंत्र?”

“धणे पेरायच्या आधी थोरले बाबा म्हणायचे तो.”

“तू ऐकलास?”

“मी बाहेर असायचो. दार लोटलेलं असायचं. आतून कुरकुर आवाज यायचा आणि बाबा काहीतरी पुटपुटायचे... शब्द कळायचे नाहीत.”

येसाक्कानं हात धुतले, पदराला पुसले.

“इतकी वर्सं दाराबाहेर हुतास. एकदा ढकलून बघावं वाटलं न्हाई?”

बुवांना खरंच कधी वाटलं नव्हतं. आत काहीतरी गूढ चाललंय आणि आपण बाहेर हात जोडून उभे आहोत, यातच त्यांना धन्य वाटत आलं होतं.

“दार तर वाऱ्यापायी लोटायचे ते,” येसाक्का म्हणाली आणि पुन्हा वांग्याकडे वळली.

थोरले बाबा म्हणजे हरबाजी महाराज. धामणवाडीच्या टेकडीवरचा मठ त्यांचा. मठ काही मोठा नाही. एक सभामंडप, एक चूल, चार खोल्या आणि मागे परसबाग. बाबांना भेटायला आलेली माणसं सभामंडपात बसून राहत नसत, सरळ मागे जात. बाबा तिथंच सापडायचे.

परसबागेत एक वाफा बाबांचा स्वतःचा होता. त्यात फक्त कोथिंबीर. दर माघात मठात पिठलं-भाकरीची पंगत असे आणि आसपासची सगळी गावं जेवायला येत. पिठलं कुणीही वाढावं, पण त्यावरची चिमूटभर कोथिंबीर बाबा स्वतः प्रत्येक ताटात टाकत. ती त्यांच्या वाफ्यातली आणि त्यांच्या हातची. लोक तिलाच प्रसाद म्हणत.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात बाबा गेले. जाण्याआधी चारचौघांसमोर त्यांनी नागनाथबुवांचं नाव घेतलं होतं. बुवा विद्वान माणूस. आवाज असा की प्रवचनात डुलक्या काढणारेही जागे होत. त्यांच्यात एकच खोट होती, त्यांना स्वतःबद्दल कधी शंका आली नव्हती. आता ती आली होती, आणि सगळी एकदम आली होती.

कारण बाबा गेल्यापासून वाफा रुसला होता.

पहिल्या माघात इथं चार, तिथं तीन अशा काड्या आल्या. दुसऱ्या माघात तेवढ्याही नाहीत. शेवटी बाजारातून जुड्या आणाव्या लागल्या, मुळांना माती लागलेल्या, सुतळीनं आवळलेल्या. पंचांमधले वडीलधारे दाजीबा शेळके पहिल्या ताटावर बसले होते. त्यांनी ती चिमूट उचलली, हुंगली आणि ताटाच्या कडेला ठेवून दिली. बोलले काहीच नाहीत.

गावानं मात्र बोलायचं बाकी ठेवलं नाही. बाबांची कृपा बाबांबरोबर गेली, निवडीत चूक झाली, असं लोक पारावर उघड म्हणू लागले. या माघात वाफा उगवला नाही तर गादीसाठी दुसरीकडून कुणीतरी आणायचं, असं पंचांनी ठरवलं. बुवांना तसं सांगूनही टाकलं.

गादी जाईल याचं आपल्याला दुःख नाही, असं बुवा स्वतःला सांगत. थोडं होतं. पण खरं दुःख निराळंच होतं. बाबांनी आपल्यात जे पाहिलं ते मुळात नव्हतंच की काय, या विचारानं त्यांचं जेवण तुटलं होतं.

माघाच्या पंगतीला पावणेदोन महिने उरले होते. तेव्हा बुवा टेकडी उतरले आणि येसाक्काच्या दारात आले. तीस वर्षं तिनं मठाची चूल सांभाळली होती. बाबा गेल्यावर वर्ष व्हायच्या आत ती मठ सोडून इथं भाचीच्या घरी राहायला आली. भाचीच्या मागच्या अंगणात तिनं जुने पत्र्याचे डबे मांडले होते.

चार डबे. एकात नुसते हिरवे ठिपके. दुसऱ्यात वीतभर कोथिंबीर. तिसऱ्यात खुडून खुडून उरलेले बुडखे. चौथ्यात पांढरी फुलं आलेली आणि त्यांच्याखाली हिरवे धणे धरलेले.

बुवा त्या डब्यांकडे पाहत राहिले. मठाच्या वाफ्यात जे येत नाही ते इथं फुटक्या डब्यात येतं, हे पाहून त्यांना राग आला आणि रडूही आलं.

“कृपा इकडे आली का, आक्का?” त्यांनी विचारलं.

“मोरीचं पाणी येतं इकडं,” ती म्हणाली.

मग तिनं त्यांना जोत्यावर बसवलं, पाणी दिलं आणि पेरतोस कसा ते सांग, म्हणाली.

बुवांना हे सांगायला आवडलं. धणे ते स्वतः निवडत. भिंग घेऊन दोन दिवस बसत. अखंड, गोल, टपोरा तेवढाच घेत. मग पंचामृतानं स्नान. मग मुहूर्त पाहून पेरणी. मग रोज पहाटे सूक्त म्हणत कलशानं पाण्याची धार. चौथ्या दिवसापासून मात्र धीर निघत नसे. बोटानं माती उकरून दोन-चार धणे ते पाहत, आणि धणे जसेच्या तसे सापडत.

“आन मोडका धणा निघाला तर?”

“एकही ठेवला नाही. खंडित वस्तू देवाच्या कामाला कशी चालेल?”

“टाकलास कुठं?”

“उकिरड्यावर.”



“तिथं उगवली आसंल.”

 उकिरड्याच्या कडेला गेल्या थंडीत दाट हिरवं काहीतरी आलं होतं खरं. शेळ्यांनी ते खाऊन टाकलं होतं, आणि शेळ्या उकिरड्यापर्यंत येतात म्हणून बुवांनीच आरडाओरडा केला होता.

“नागनाथा, बाबांच्या खडावा कुठं हायत?”

“पादुका? गाभाऱ्यात. चांदीच्या सिंहासनावर.”

“उद्या घिऊन ये.”

बुवा हसले. मग ती हसत नाही हे पाहून थांबले.

त्यांनी तिला समजावून सांगितलं. त्या पादुका आता साध्या राहिल्या नाहीत. लांबून माणसं दर्शनाला येतात. उजव्या पादुकेच्या तळाशी पद्मचिन्ह आहे, आपोआप उमटलेलं. आणि पादुकांना एक सुगंध येतो, चंदनाचा नाही, कापराचा नाही, या जगातलाच नाही. त्या सुगंधावर स्वतः बुवांनी चार प्रवचनं केली होती. त्या हलवल्या असं पंचांना कळलं तर माघाची वाट पाहायचे नाहीत, आजच हाकलून देतील.

येसाक्कानं सगळं ऐकून घेतलं.

“मंत्र पायजे न्हवं तुला?”

“हो.”

“मंग आण.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मठ वामकुक्षीत असताना बुवांनी गाभाऱ्याचं कुलूप काढलं. खडावा रेशमी वस्त्रात गुंडाळल्या, छातीशी धरल्या आणि मागच्या पायवाटेनं टेकडी उतरले.  आपण चोरी करतोय की सेवा, हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं.

येसाक्कानं अंगणात गोणपाट अंथरलं होतं. बुवांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पादुका ठेवायला पाट मागितला.

“पाट कशाला?”

तिनं गोणपाटावर दोन मुठी धणे पसरले. रेशमी गाठोडं त्यांच्या हातातून घेतलं, सोडलं आणि उजवी खडाव त्यांच्या पायापुढे ठेवली.

“घाल पायात.”

“आक्का, हे मला जमणार नाही.”

“का?”

“बाबांच्या आहेत.”

“व्हय. बाबांच्याच हायत.”

“मी त्यांच्यावर रोज डोकं ठेवतो.”

“डोक्यानं धणे फुटत न्हाईत, नागनाथा.”

कोंबडी गोणपाटाकडे येत होती. येसाक्कानं तिला हाकललं.  भाचीच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं, तेवढाच आवाज.

शेवटी बुवांनी पाय उचलला. डोळे मिटले. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये ती गुळगुळीत खुंटी आली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. आभाळ कोसळलं नाही. खडाव त्यांना थोडी मोठी होत होती, एवढंच.

“आता धण्यांवरनं फिरव.”

त्यांनी पाय असा फिरवला की धण्याला कळूही नये. धणे इकडून तिकडे पळाले आणि अख्खेच्या अख्खे राहिले.

“भार दे की.”

त्यांनी भार दिला, सगळा. खाली चुरा झाला.

येसाक्कानं तो चुरा बोटानं कोंबडीकडे सारला आणि नवीन मूठ टाकली. तिसऱ्यांदा बुवांनी पाय जपून टेकवला. थोडा भार दिला, थोडा राखला आणि खडाव पुढे-मागे घासली.

कुर्र... कुर्र...

बुवांचा पाय जागच्या जागी थांबला.

दाराबाहेर हात जोडून ऐकलेला आवाज हाच होता. विशीपासून ऐकलेला, स्वप्नातसुद्धा ऐकलेला.

ते खाली बसले. गोणपाटावर प्रत्येक धण्याच्या दोन फाका झाल्या होत्या, स्वच्छ, मधोमध. येसाक्का म्हणाली की एका धण्यात दोन बिया असतात. अख्खा पेरला तर टरफल भिजून फुटेपर्यंत वाट बघायची. थंडीत तो कधी फुटतो, कधी मातीतच कुजतो. त्यात वरून दूध-दही पाजलं तर मुंग्यांची चैन होते. म्हणून आधी फोडायचा. फुटायला हवा, चिरडायला नको.

बुवांनी खडाव काढून हातात घेतली आणि उलटी केली. तळाशी ते पद्मचिन्ह होतं. वर्षानुवर्षं धणे घासून लाकडाला पडलेला खळगा आणि त्याच्या भोवती धण्यांचे बारीक ओरखडे. त्यांनी ती नाकाशी नेली.

धण्यांचा वास येत होता. स्वयंपाकघरात डबा उघडल्यावर येतो तोच.

चार प्रवचनं... बुवांना प्रथम मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांना हसू आलं. ते आवरेना. हसता हसता कधी रडू फुटलं ते त्यांना कळलं नाही.

येसाक्का शांतपणे धणे पाखडत बसली.

डोळे पुसल्यावर बुवांना दुसरं आठवलं. बाबा गेल्यानंतरचा पहिला पौष. येसाक्का गाभाऱ्याच्या दाराशी आली होती आणि खडावा द्या जरा म्हणाली होती. तेव्हाच चांदीचं सिंहासन घडवून आलं होतं. बुवा तिच्यावर सगळ्यांदेखत ओरडले होते. पादुका म्हणजे काय घरात नेऊन ठेवायची वस्तू आहे का, असं म्हणाले होते. ती तशीच वळली होती. महिन्याभरानं तिनं मठ सोडला, आणि ती का गेली हे विचारायला बुवा कधी खाली उतरले नव्हते.

“आक्का, त्या दिवशी तुम्ही खडावा मागितल्यात...”

“व्हय.”

“मला वाटलं, आठवण म्हणून हव्यात.”

“धणे फोडायचे हुते.”

“मग नंतर इथं कशानं फोडलेत?”

तिनं दाराजवळच्या रबरी सपातांकडे बोट केलं.

“म्हणजे कुठलीही वहाण चालते? मग तेव्हा त्याच कशाला हव्या होत्या?”

“तवा मी अनवाणी हुते, नागनाथा. मठात बाबांबिगर कोन घालतं पायात?”

बुवांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. आपण तिचं वाईट केलं, असं ते स्पष्ट म्हणाले. तिनं पाय मागे घेतले नाहीत, आणि असू दे असंही म्हणाली नाही. थोड्या वेळानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला माती होती.

“आणि मंत्र?” बुवांनी खाली मान घालूनच विचारलं. “बाबा काहीतरी पुटपुटायचे, ते मी खरंच ऐकलंय.”

“बाबांचा पाय जड. पयल्या वर्सी निम्मे धणे पीठ केले त्येंनी. तवापास्नं सवताला बजावत बसायचे.”

“काय म्हणायचे?”

“हळू, हरबा, हळू...”

बुवांनी ते शब्द मनात म्हणून पाहिले. प्रवचनात ते लोकांवर कसे तुटून पडत, पाठ चुकलेल्या माणसाला मंडपात उभं करून कसं झापत, ते त्यांना आठवत गेलं. या दोन वर्षांत मठ सोडून गेलेली तीन-चार तोंडं त्यांच्या डोळ्यांपुढे आली.

निघताना त्यांनी फोडलेले धणे मागितले. येसाक्कानं दिले नाहीत. ते तिच्या डब्यात जाणार होते.

“तुझे तू मठात फोड. आन दार लोटू नकोस.”

“वाऱ्यानं टरफलं उडतील, आक्का.”

“उडूदेत.”

बुवा टेकडी चढले. पायात गोळे आले होते, ते चढणीमुळे नव्हे, धणे घासल्यामुळे. खडावा पुन्हा छातीशी होत्या, पण रेशमी वस्त्र येसाक्काच्या अंगणात राहिलं होतं आणि ते त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मंडप माणसांनी भरलेला असताना, त्यांनी मागच्या अंगणात गोणपाट अंथरलं. मंडपाकडचं दार सताड उघडं ठेवलं. खडावा पायात घातल्या आणि धण्यांवर उभे राहिले.

मंडपातली माणसं दाराशी गोळा झाली. एका म्हातारीनं पदरानं डोळे झाकले. दाजीबा शेळके काठी टेकत पुढे आले.

“बुवा, हे काय चाललंय?”

“धणे फोडतोय.”

“पादुकांनी?”

“बाबा यांनीच फोडायचे. मला माहीत नव्हतं. माहीत नसताना मी तुम्हांला पुष्कळ काही सांगितलं, ते खोटं होतं.”

बुवांनी खडाव काढून त्यांच्या हातात दिली. दाजीबांनी ती उलटी केली, खळग्यावरून अंगठा फिरवला, हुंगली. त्या सुगंधाची ग्वाही दाजीबांनीही गावोगाव दिली होती. त्यांचा चेहरा कसनुसा झाला. मिशीत हसू होतं की राग होता, ते कुणालाच सांगता आलं नाही.

खडाव त्यांनी परत दिली.

“माघात बघू,” एवढं म्हणून ते गेले.

बुवांनी धणे रात्रभर साध्या पाण्यात भिजत घातले, सकाळी निथळून वाफ्यात पेरले. वर बोटभर माती, त्यावर ओलं गोणपाट. कलश आत ठेवून दिला. हातानं पाणी शिंपडायचं, धार धरायची नाही, नाहीतर बी वाहून एका कोपऱ्यात जमतं, असं येसाक्कानं सांगितलं होतं.

चौथा दिवस उजाडला. बुवांचं बोट शिवशिवलं. त्यांनी दोन्ही हात काखेत धरले आणि वाफ्यापासून लांब जाऊन बसले.

सहावा गेला. आठवा गेला. थंडी कडक होती आणि माती होती तशीच काळी होती. कुणीतरी मंडपात मुद्दाम मोठ्यानं म्हणालं की पादुकांचा कोप व्हायचाच. बुवांनी ऐकलं. एरवी त्यांनी त्याला तिथंच उभा करून फाडला असता. या वेळी ते मनात म्हणाले, हळू, नागनाथा, हळू. हे म्हणताना त्यांना स्वतःचंच नवल वाटलं.

दहाव्या दिवशी त्यांनी गोणपाटाचं एक टोक उचललं. काहीच नव्हतं. ते पुन्हा ठेवून दिलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

बाराव्या दिवशी गोणपाट मध्ये किंचित उचललेलं दिसलं. बुवांनी ते हलक्या हातानं बाजूला घेतलं.

सगळा वाफा वाकलेल्या पांढऱ्या देठांनी भरला होता. कुठं देठ अजून मातीत डोकं खुपसून होता. कुठं ताठ होऊन दोन लांबट पानं उघडली होती, आणि एखाद्याच्या डोक्यावर टरफल तसंच टोपीसारखं अडकून बसलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही जागा रिकामी नव्हती.

बुवा मातीत गुडघे टेकून बसले. बाबांची निवड चुकली नव्हती की चुकली होती, हा प्रश्न त्यांना त्या वेळी आठवलाच नाही. त्यांना फार आनंद झाला होता, आणि तो सांगायला जवळ कुणी नव्हतं म्हणून त्यांनी तो वाफ्यालाच सांगितला.

माघाची पंगत बसली. सकाळी खुडलेली कोथिंबीर बुवांनी परातीत घेतली आणि पहिल्या ताटापाशी आले. दाजीबा बसले होते. बुवांनी चिमूट टाकली, पण पुढे जाववेना.

दाजीबांनी चिमूट उचलली. हुंगली. 

दाजीबांनी ती पिठल्यात कालवली, भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला.

“पुढं व्हा, बुवा,” ते म्हणाले. “मागं लोक खोळंबलेत.”

येसाक्का शेवटच्या पंगतीला बसली होती. बुवांनी तिलाही स्वतः वाढलं. तिनं पिठल्यात मीठ कमी आहे असं सांगितलं, आणि ते खरं होतं.

लोक पांगल्यावर बुवा तिला गाभाऱ्यात घेऊन गेले. खडावा धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून पुन्हा चांदीच्या सिंहासनावर ठेवल्या होत्या. वर ताजा हार होता. बुवांनी उत्साहानं सगळं सांगितलं. आता कुलूप लावत नाहीत. पद्मचिन्हाची गोष्ट ते स्वतःच लोकांना खरी तशी सांगतात आणि लोक हसतात. पंचांनी दुसऱ्या कुणाला बोलवायचा विषय सोडून दिलाय. उलट दाजीबांनीच एक सुचवलंय. पुढच्या वर्षापासून पौषात धणे फोडायचा सोहळा करायचा. खडावा पालखीतून परसबागेत न्यायच्या, ताशे लावायचे, आसपासच्या सगळ्या गावांना आवतण द्यायचं.

“म्हणजे वर्षातून एकदा खडावा खाली उतरतील. कशी वाटते कल्पना?”

 येसाक्का मागच्या दारानं परसबागेत गेली. बुवाही तिच्यामागे गेले.

पंगतीनं वाफा पार खुडून नेला होता. बोटभर बुडखे उरले होते. येसाक्का वाकली आणि एका बुडख्याला नखानं चाचपून पाहिलं. शेजारी हात-दीड हात मोकळी जमीन होती. तिथलं गवत तिनं मूठभर उपटलं आणि बाजूला टाकलं. मग पदराची गाठ सोडली आणि आतले धणे बुवांच्या हातावर ओतले. अख्खे होते.



“कोथिंबीर दर पंधरा दिसांनी पुन्हा पेरत्यात, नागनाथा. खडावा खाली काढ.”